घोड्याच्या कुरणास कुंपण कोणतें?

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरली कीं आपल्या भागांतील चार शेतकरी तापीकांठचा तो घोडेबाजार पाहण्यास जातात, आणि त्यांतील एखादा घोडी घेऊनच परततो. तिची चाल, खोड, भोंवरा या सर्वांची चौकशी तेथें होते. ती चरावयास सोडावयाची कोठें, हा प्रश्न मात्र पाचोऱ्यास आल्यावर सुचतो. मग घरांत पडलेली काटेरी तार कुरणाभोंवतीं ओढली जाते. आमच्या मतें ही काटकसर सर्वांत महाग पडते.

बैलास कांटा टोंचला कीं तो मागें सरतो. घोडें हें भिऊन पळणारें जनावर. तें बिथरलें म्हणजे बारीक तार त्यास दिसत नाहीं, आणि पाय अडकला तर तें थांबत नाहीं. झटे देत राहतें. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या घोडीचा मागचा पाय असाच नळीपर्यंत सोलला गेला. जखम भरली, परंतु त्या वर्षीं वरातीसाठीं तिला कोणी विचारलें नाहीं. शिवाय धनुर्वाताचें भय घोड्यास इतर जनावरांपेक्षां अधिक असतें. त्याची लस आगाऊ टोंचून घ्यावी.

लोखंडी नळ्यांचें कुंपण उत्तम खरें, पण तें आपल्या ऐपतीचें नव्हे. हिरव्या कुंपणाचा आम्हांस स्वतःस मोह आहे. तथापि कण्हेर घोड्यास विषारी, शेराचा चीक डोळ्यांस घातक, आणि घायपात दाट होण्यास वर्षें लागतात. आम्ही सुचवितों तें असें : बिनकाट्याची जाड तार चार ओळींत, उंची साडेचार फूट, आणि सर्वांत वर बांबूची आडवी दांडी. दांडी दुरून दिसते, म्हणून घोडें अंगावर येत नाहीं. ती मोडली तरी बदलण्यास खर्च थोडा. तारा खांबांच्या आंतल्या बाजूनें ठोकाव्या, म्हणजे घोड्यानें रेटल्यास त्या निसटत नाहींत.

खरा पैसा खांबांत घालावा. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते; दोन पावसाळ्यांत खांब झोंकांड्या खाऊं लागतात. खड्डा अडीच फूट खोल घेऊन तो त्याच मातीनें न भरतां मुरूम व दगड ठासून भरावा, आणि कोपऱ्यांच्या खांबांस तिरके टेकू द्यावे. सौर झटका यंत्र जोडावयाचें असल्यास जोडावें. घरची वीज थेट तारेंत सोडणें मात्र गुन्हा आहे, व त्यानें माणसें मेलीं आहेत.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून आणखी एक. खड्डे खणण्यापूर्वीं हद्दीची मोजणी करून घ्यावी, आणि शेजाऱ्याच्या वाटेचा विचार करावा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वयें तो बांधावरून वाट मागूं शकतो; ती मंजूर झाली कीं ठासलेले खांब उपटावे लागतात. सारें कुरण एकदम घेरण्यापेक्षां पहिल्या वर्षीं विहिरीजवळचा लहान तुकडा बांधावर न जातां चांगला घेरावा, आणि उरलेल्या भागांत घोडी दाव्यानें चारावी.