जोडी नको, थवा द्या!

शाळेच्या व्याकरणात समूहदर्शक शब्दांची एक यादी असते. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड आणि माशांची गाथण. गाथणे म्हणजे ओवणे. दोरीत ओवलेले मासे बाजारातून घरी येतात, तेव्हाचा हा शब्द! पाण्यात मिळून पोहणाऱ्या जिवंत माशांसाठी आपल्याला पक्ष्यांचा थवाच उसना घ्यावा लागतो.

हा नुसता शब्दांचा प्रश्न असता, तर तो वर्गात सोडवून मी मोकळा झालो असतो. पण दिवाळी आली की हौसेने काचेच्या पेट्या घरी येतात आणि माशांच्या दुकानात एकच मागणी ऐकू येते, “दोन निळे द्या, दोन पट्ट्यांचे द्या, दोन लाल शेपटीचे.” हा गृहस्थ मनाने वाईट नसतो. कुणी एकटे पडू नये, एवढीच त्याची इच्छा. आपल्याकडे जोडी जमली की संसार झालाच!

माशांचा संसार मात्र निराळा. निऑन टेट्रा घ्या. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला हा जेमतेम दीड इंचाचा जीव. १९३६ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. तो थव्याने राहतो, कारण थव्यात शत्रूला कुणा एकावर नेम धरता येत नाही. शेजाऱ्याची हालचाल तो डोळ्यांनी टिपतो, तशीच अंगावरच्या संवेदनरेषेनेही. पाण्याच्या दाबातला फरक तिला कळतो. शेजारीच नसले, तर निर्धास्तपणा कुठून यावा? मग रंग फिकटतो, खाणे कमी होते, मासा झुडपाआड दडून बसतो. एके सकाळी तो तरंगताना दिसला की आपण म्हणतो, “जातच नाजूक हो!”

टायगर बार्बची तऱ्हा उलटी. दोघे-तिघेच असले, तर ते एंजलचे लांब पर कुरतडतात. आठ-दहा असले, की पाठशिवणी बरीचशी आपसांतच चालते. तरीही त्यांच्या शेजारी एंजल ठेवू नये, आणि वाढलेल्या एंजलशेजारी निऑन तर मुळीच नको; तो त्यांना गिळतो.

‘मिस केरळ’ या लाडक्या नावाने विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा तर आपल्या पश्चिम घाटाचा, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांचा. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. तोही थव्याने राहतो आणि अर्ध्या फुटापर्यंत वाढतो. शोभेसाठी होणाऱ्या पकडीचा त्याला मोठा फटका बसला असून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. दोन फुटी पेटीत त्याची जोडी आणण्यापेक्षा त्याला ओढ्यातच राहू द्यावे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तेवढ्यात एकाच जातीचे आठ निऑन सुखाने नांदतात. निऑन नकोत, तर आपल्याच उपखंडातले काटक झेब्रा डॅनिओ घ्या. १८२२ साली हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले.

घाई मात्र करू नये. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. हे विष पचवणारे सूक्ष्म जीव फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानात विचारून त्यांची तयारी आधी करावी. दिवाळीत पेटी आणली, तर मासे मार्गशीर्षात आणावेत. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, तेही क्लोरीन घालवलेले.

पेटीत दहा रंग हवेत, ही हौस आपली. त्या रंगांना त्याचे काय? तेव्हा दुकानदार “जोडी देऊ?” म्हणाला, तर निःसंकोच सांगावे, “नको, एकाच जातीचे आठ द्या. आणि तेही दीड महिन्याने!”