कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवणाऱ्या संपादक मंडळास

मा. संपादक मंडळ,

आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती लोणारला आमच्या शाळेत पोचली. ‘चाच्यांचा बंदोबस्त’ हे प्रकरण त्यात जसेच्या तसे आहे आणि कान्होजी आंग्र्यांचे नाव पहिले. आमच्या दुरुस्तीच्या पत्राची आपण पोच दिलीत, पान मात्र तेच छापलेत. म्हणून आता उघडपणे लिहितो.

चाच्याला राजा नसतो. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. 1713-14 च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांनी ते पद कायम केले आणि 26 किल्ले-ठाणी त्यांच्याकडे राहिली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, ही राज्याची सत्ता होती. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून तसाच ‘कार्ताझ’ हा परवाना सक्तीने देत आणि तो नसलेले जहाज जप्त करत. तरी 1510 मध्ये गोवा घेणारा अल्बुकर्क आपल्या पुस्तकात सन्माननीय ‘गव्हर्नर’ आहे. हा न्याय कुठला?

आता हिशेब पाहा. 1717 मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, हरले. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर आला; हरला. 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग, पुन्हा हार. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, सोबत ब्रिटिश राजाच्या नौदलाची जहाजे, तरीही हरले. 1724 मध्ये डचांची 7 जहाजे विजयदुर्गावरून हात हलवत परतली. 4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले, तोवर या तिघांपैकी कुणालाही त्यांचा एकही जलदुर्ग घेता आला नाही. आपल्या प्रकरणात यातली एकही मोहीम नाही. पराभूतांनी चिडून दिलेली शिवी तेवढी आपण उचललीत आणि मुलांकडून पाठ करून घेत आहात.

समुद्रापासून इतक्या लांब बुलढाण्यात याचे काय, असे विचारू नका. लोणार सरोवर 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधले’, हेही आपणच छापले आहे. सोळाव्या शतकातल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे, आणि काठावरची देवळे तिच्याहूनही जुनी. साहेबाने पाहिले तेव्हाच आमचे गाव जन्मले, आणि साहेबाने ठरवले म्हणून आमचा सरखेल चाचा झाला, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव आहे. पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता शुद्धिपत्रक काढा आणि पुस्तक गेले त्या प्रत्येक शाळेला पाठवा. ते येईपर्यंत हे प्रकरण आमच्या वर्गात शिकवले जाणार नाही.

लोणार येथील एक इतिहासशिक्षक