मंगळ पत्रिकेतून निघाला, मुलीच्या मनात शिरला

आमच्या बेळगावकडे हल्ली दोन तऱ्हेचे ज्योतिषी भेटतात. जुने पंचांग उघडून सांगतात, "मुलीला मंगळ आहे, शांत करून घ्या." नवे लॅपटॉप उघडतात, शांत-बिंत काही सांगत नाहीत. ते म्हणतात, "मंगळ म्हणजे मुलीच्या मनात दडपलेला राग. शनी म्हणजे तिला जबाबदारीची वाटणारी भीती." शिकलेल्या बायका यावर खूश! घाबरवत नाहीत, किती छान समजावतात, म्हणे. मला मात्र हा नवा प्रकार जुन्याहून घातक वाटतो.

जुन्याची वकिली मी करत नाही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळी. काहीजण दुसरं स्थानही धरतात. बारातली सहा घरं मंगळानेच अडवली, तर उरलं काय? साडेसाती तर एका वेळी बारापैकी तीन राशींना असतेच. म्हणजे चार माणसांच्या घरात एखादा सापडायचाच. तरी त्या दोषाला शेवट होता. साडेसात वर्षं सरायची, शांत झाली की सोयरीक पुढे जायची. मुख्य म्हणजे दोष ग्रहाचा होता, पोरीचा नव्हता.

आता तो पोरीच्या स्वभावालाच चिकटवलाय. स्वभावाची शांत कुठल्या भटजीकडून करायची?

ही पद्धत पाश्चात्त्यांकडून आली. युंगच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन डेन रुड्यार यांनी १९३६ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पण तिथे माणूस स्वतःची पत्रिका स्वतःला ओळखायला उघडतो. आपल्याकडे मुलीची पत्रिका उघडते मुलाची आई! तिच्या हाती "दडपलेला राग" हे शब्द पडले की नकाराला शास्त्राचा शिक्का मिळतो.

"पण आमच्या मुलीचं अगदी बरोबर सांगितलं हो!" सांगणारच. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचा स्वभाव' म्हणून एकेक कागद दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन सगळ्यांनी तो पटल्याचं सांगितलं. कागद सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं त्याने ज्योतिषाच्याच पुस्तकातून काढली होती.

आपण जैन. जो करतो तो भोगतो, हे लहानपणापासून पाठशाळेत ऐकलं. मग मुलीने अजून जे केलंच नाही, त्याचा ठपका तिच्यावर ठेवायचा कुठल्या धर्माने?

मुलगी खरंच उदास असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिथे जन्मवेळ विचारत नाहीत. आणि स्थळ बघायचं असेल, तर मुलगा पितो का, कर्ज किती, घरात बायकांशी कसं बोलतात, ते चार ठिकाणी विचारा. हे कुठल्याच कुंडलीत लिहिलेलं नसतं. शेजारणीला मात्र ठाऊक असतं.