पडद्यावरचा डॉक्टर आणि आपली झोप

खडवलीहून सकाळच्या लोकलने निघालं की आजूबाजूच्या पोरांच्या कानात कुणी ना कुणी बोलत असतं. कुठे गाणं, कुठे बयान, आणि हल्ली बरेचदा मानसशास्त्राचा एखादा तज्ज्ञ. 'ओव्हरथिंकिंग कसं थांबवाल?' 'टॉक्सिक माणसं कशी ओळखाल?' माझं एक वर्ष वाया गेलं होतं, तेव्हा मीही रात्री तीन-तीन वाजेपर्यंत हेच ऐकत पडायचो. ऐकताना बरं वाटायचं. सकाळी मात्र उठवत नसे.

अम्मी म्हणायची, "नजर लागलीय, दम करून घे." दोस्त म्हणायचे, "पॉझिटिव्ह राहा." दोघांचीही माया खरी होती. पण झोप कधीपासून उडाली, हे कुणी विचारलं नाही. व्हिडिओतला डॉक्टर तर विचारूच शकत नाही. तो लाखोंशी बोलतो, म्हणून सगळ्यांना चालेल एवढंच सांगतो. उपचार मात्र एका माणसाचं ऐकून घेण्यापासून सुरू होतो.

मग हे सगळं फोल म्हणायचं का? नाही. आपल्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी नाटकं लिहिली, पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली. 'शहाण्यांचा सायकिअ‍ॅट्रिस्ट' हे त्यांच्या एका पुस्तकाचं नावच खूप काही सांगून जातं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ही संस्था उभी केली. तिचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल आहे आणि त्यामागे प्रत्यक्ष उपचारांची सोयही आहे. ऐकणाऱ्याला पुढे जायला दार आहे.

दुसरीकडे अमेरिकेतले डॉ. फिल मॅकग्रॉ पाहा. २००२ पासून दोन दशकं त्यांचा टीव्ही शो गाजला. जानेवारी २००८ मध्ये ते गायिका ब्रिटनी स्पिअर्सला रुग्णालयात भेटून आले आणि तिच्याबद्दल जाहीर निवेदन करून मोकळे झाले. तिच्या कुटुंबाच्या वतीने उघड नाराजी व्यक्त झाली. टीव्हीला गोष्ट हवी असते, रुग्णाला गुप्तता.

आपल्या मोहल्ल्यांत ही गुप्तता फार मोलाची आहे. "पोरगी मनाच्या डॉक्टरकडे जाते," एवढं कळलं तरी तिच्या लग्नाची बोलणी अडतात. म्हणूनच हे माहीत हवं की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. यशाचे मंत्र देणारी बरीच पुस्तकं म्हणतात, विचार बदला, आयुष्य बदलेल. पण नाव सांगितल्यावर भाड्याचं घर नाकारलं जातं, तेव्हा चूक आपल्या विचारांची नसते. त्या अपमानाचा ताण हलका करायला समुपदेशक मदत करील. अपमान थांबवायला मात्र नागरिक म्हणून एकत्र उभं राहावं लागेल. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, व्हिडिओ बघा, पुस्तकं वाचा. बोलणाऱ्याचं शिक्षण काय, तो प्रत्यक्ष रुग्ण तपासतो का, आणि शेवटी कोर्स विकतोय का, एवढं पाहून घ्या. दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मोबाइल बघत पडू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. दुआ करा, दवाही घ्या.

मी शेवटी ठाण्याला गेलो. समुपदेशक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "झोप कधीपासून लागत नाही?" सोबत आलेल्या अम्मीने तेव्हा शेजारी 'दातांच्या डॉक्टरकडे चाललोय' असं सांगितलं होतं. आता ती खरं सांगते. गेल्या महिन्यात शेजारच्या एका पोराला तीच घेऊन गेली.