वाट दाखविणार कोण ?

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर पेढे वांटले जातात, आणि पेढ्यांचा पुडा संपतो न संपतो तोंच 'आतां पुढें काय ?' हा प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. मग चार दिवस घरांत सभा भरते. मामा म्हणतात, गुण बरे आहेत तेव्हां विज्ञान शाखा घ्यावी. काका म्हणतात, वाणिज्य बरें, कारण शेजारच्या मुलाचें त्यांत चांगलें चाललें आहे. चौकांत क्लासवाल्यांनीं लावलेल्या फलकाचाहि एक कौल पडतो. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हावयाचा तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र कोपऱ्यांत बसून हें सारें ऐकत असते. पांचव्या दिवशीं अर्ज भरला जातो आणि प्रकरण मिटतें. आमचे व्यापारी वाचक दुकानांत नवा माल भरण्यापूर्वीं महिनाभर पेठेचा कानोसा घेतात, दहा ठिकाणीं भाव काढतात. परंतु पोटच्या पोराचीं पुढलीं चाळीस वर्षें कोणत्या कामांत जावयाचीं हें मात्र चार दिवसांत, ऐकीव माहितीवर ठरवितात! हा व्यवहार शहाणपणाचा आहे काय, असा आमचा त्यांस सरळ प्रश्न आहे.

याचा सारा दोष आईबापांच्या माथीं मारावा असें आमचें म्हणणें नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. त्या काळीं ही परीक्षा उतरणारीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं असत, आणि जो उतरला त्यास पुढें काय करावें हें विचारण्याचें कारणच नसे. सरकारी कचेरी, शाळा किंवा वकिली यांपैकीं एखादें दार त्याच्यासाठीं उघडेंच असे. आज स्थिति अगदीं उलट आहे. २०२४ सालीं राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस पंधरा लक्षांहून अधिक नियमित विद्यार्थी बसले व त्यांतले शेंकडा ९५.८१ उत्तीर्ण झाले. परीक्षा उतरणें ही आतां अपूर्वाई राहिली नाहीं. उतरल्यावर कोठें जावें हें कळणें ही अपूर्वाई झाली आहे. परीक्षेचा अर्थ असा पालटला, पण आमच्या शाळा मात्र निकाल लागला कीं आपलें काम संपलें असें १८५९ सालाप्रमाणेंच समजत आहेत.

कायद्याकडे पाहिलें तरी हाच प्रकार दिसतो. २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरविला, आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्या कायद्याचें संरक्षण आठवीपर्यंतचें. म्हणजे ज्या वयांत मुलास खरोखर वाट निवडावयाची असते, नेमक्या त्याच वयांत सरकारचें कायदेशीर बंधन संपतें ! नदीच्या पाण्यांतून मुलास मध्यापर्यंत हात धरून आणावें आणि पाणी गळ्याशीं आलें म्हणजे हात सोडावा, यास कोणी परोपकार म्हणणार नाहीं.

निवड चुकली तर काय बिघडतें, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. अकरावींत ज्यानें गणित सोडलें त्यास अभियांत्रिकीचीं बहुतेक दारें बंद होतात. ज्यानें भौतिकशास्त्र व गणित घेतलें नाहीं तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत भूदलासाठीं अर्ज करूं शकतो, पण नौदल किंवा वायुदल यांसाठीं नाहीं. उलट, ज्यास वकील किंवा सनदी लेखापाल व्हावयाचें आहे त्यास विज्ञान शाखेचा अट्टाहास करण्याचें कांहींच कारण नाहीं. पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम व लेखापालाची पायाभूत परीक्षा कोणत्याहि शाखेंतून बारावी झालेल्यास खुली आहे. या गोष्टी गुप्त नाहींत. सरकारी माहितीपुस्तकांत त्या छापलेल्या असतात. परंतु मुलगा सोळा वर्षांचा असतांना त्या त्यास कोणी सांगितल्या तरच त्यांचा उपयोग. अठराव्या वर्षीं कळल्या तर केवळ हळहळ.

विषयांच्या निवडीइतकीच महत्त्वाची, आणि आम्हांस कायद्याच्या धंद्यामुळें विशेष परिचयाची, गोष्ट म्हणजे दाखले. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश हवा तर २००० सालच्या कायद्यान्वयें जातीच्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळावें लागतें. त्यासाठीं अनुसूचित जातींच्या उमेदवारास १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, तर इतर मागास वर्गांतील उमेदवारास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा कागद शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला कोण्या खेड्यांतल्या दप्तरांत धूळ खात पडलेला. आडनांवांत एखादें अक्षर कमीजास्त. चुलत्यांचें प्रमाणपत्र गांवीं. हें काम आठवड्याचें नव्हे, महिन्यांचें आहे. त्यांतच उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, उन्नत गटांत मोडत नसल्याचा दाखला, यांची भर. ज्या घरांत एक पिढी शिकलेली आहे तेथें हें आधींच ठाऊक असतें. ज्या घरांतला हा पहिलाच मुलगा कॉलेजांत जावयाचा, तेथें मुदत सरल्यावर कळतें. परीक्षेंत बरोबरीनें गुण मिळविलेल्या दोन मुलांपैकीं एकाची जागा केवळ कागदापायीं जाते, आणि लोक म्हणतात, त्याचें नशीब ! यांत नशिबाचा कांहींएक संबंध नाहीं. वेळेवर सांगणारा माणूस भेटला नाहीं, एवढेंच.

पैशाचीहि तीच कथा. आठवींतल्या हुशार व गरीब मुलांसाठीं केंद्र सरकारची परीक्षा आहे. तींत निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास बारा हजार रुपये मिळतात. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवें शुल्काची व डॉक्टर पंजाबराव देशमुखांच्या नांवें वसतिगृह-निर्वाहाची योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लक्षांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मागास व आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींस केंद्रीय प्रक्रियेनें व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय सरकारनें केला. निर्णय चांगला, पण ज्या बापानें तो ऐकलाच नाहीं, तो 'एवढे पैसे आणूं कोठून?' म्हणून मुलीस बारावीनंतर घरीं बसवितो. कायदा पुस्तकांत आणि मुलगी चुलीपाशीं, अशी ही स्थिति आहे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. २०१६ सालीं राज्य मंडळानें दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. पुढें ती बंद पडली. २०२० सालीं निरनिराळ्या व्यवसायांची माहिती देणारें संकेतस्थळ निघालें. हेतु स्तुत्य होता. परंतु नाडी पाहणारें यंत्र आणलें आणि वैद्य नेमलाच नाहीं, तर रोग्यास काय लाभ ? 'तुझा कल अमुक क्षेत्राकडे आहे' असा कागद मुलाच्या हातांत ठेवल्यानें मार्गदर्शन होत नाहीं. अमेरिकेंत बोस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थानें १९०८ सालीं तरुणांस धंदा निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तीन गोष्टी लागतात: स्वतःची ओळख, धंद्यांची माहिती, आणि या दोहोंची सांगड घालणारा विचार. आमच्याकडे पहिलीसाठीं चाचणी झाली, दुसरीसाठीं संकेतस्थळ झालें. तिसरीसाठीं जो माणूस लागतो तो मात्र बहुतेक शाळांत कोठेंच दिसत नाहीं.

माणसाची ही रिकामी जागा बाजारानें भरून काढली आहे. शाळा बोलत नाहीं म्हणून क्लास बोलतो; आणि क्लास विकण्यासाठींच उघडलेला असल्यामुळें तो आपलाच माल उत्तम म्हणून सांगतो. व्यापाऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावयास नको. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस देशांतून सुमारें चोवीस लक्ष उमेदवारांनीं नांवें नोंदविलीं. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून लक्षाच्या थोड्या वर. म्हणजे वीसांवर मुलांतून एकास जागा. उरलेल्यांचें काय, याचें उत्तर क्लासच्या फलकावर नसतें. तेथें फक्त पहिल्या आलेल्याचें छायाचित्र असतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत केंद्र सरकारनें सोळा वर्षांखालील मुलांस क्लासांत घेऊं नये अशीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. पण नुसत्या मनाईनें काय होणार ? चांगला सल्ला फुकट मिळूं लागल्याखेरीज विकतचा सल्ला थांबणार नाहीं.

या ठिकाणीं एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाहीं. कोणी म्हणतात, 'नोकऱ्याच नाहींत, तेथें वाट दाखवून उपयोग काय ?' वाट दाखविल्यानें नोकऱ्या उत्पन्न होत नाहींत, हें आम्ही मान्य करतों. परंतु धान्य थोडें असतां तें निवडून, पाखडून, जपून वापरावें लागतें; थोडें आहे म्हणून तें उकिरड्यावर टाकावें असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय एकीकडे पदवीधर अर्ज घेऊन हिंडतात आणि दुसरीकडे कारखानदार व दुकानदार कसबी माणूस मिळत नाहीं म्हणून ओरडतात, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं अनेकांस असेल. याचें एक कारण हातानें काम करण्याविषयींची आमची जुनी तुच्छता हें होय. महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें बहुजनांस उपयोगी पडेल अशा व्यवहारी शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं बडोद्यास कलाभवन निघालें. कर्मवीर भाऊरावांनीं 'कमवा आणि शिका' हा मंत्र मुलांकडून आचरून घेतला. त्यांचे पुतळे आम्ही उभारले. त्यांची शिकवण घेतली नाहीं. राज्यांत चारशेंहून अधिक सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पण जो मुलगा 'कोठेंच गेला नाहीं' तो तेथें गेला, अशीच भाषा घरोघर चालते. वस्तुतः तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपविलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची सोय आहे. जर्मनींत तरुण आठवड्याचे कांहीं दिवस कारखान्यांत आणि कांहीं दिवस शाळेंत काढून कसबी होतो व ताठ मानेनें वावरतो. आमचा उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. उणीव कायद्याची नाहीं, मनाची आहे.

मग करावें काय ? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: प्रत्येक हायस्कुलांत एका शिक्षकास, दुसरें काम कमी करून, हें काम नेमून द्यावें, आणि त्याचा आरंभ दहावीच्या निकालानंतर नव्हे, नववीच्या पहिल्या महिन्यांत व्हावा. दुसरी: त्या शिक्षकानें प्रत्येक मुलाची एक नोंद ठेवावी. आवड कशांत, गति कशांत, घरचें उत्पन्न किती, कोणते दाखले आहेत आणि कोणते काढावयाचे, एवढें एका पानावर मावतें. तिसरी: पालकांची सभा निकालाच्या आदल्या दिवाळींत घ्यावी, तींत आयांस मुद्दाम बोलवावें, कारण मुलीचें शिक्षण थांबवावयाचें कीं नाहीं हा निर्णय बहुधा स्वयंपाकघरांत होतो. आणि मुलगा कायमचा कोठल्या तरी एका धंद्यास बांधून टाकावा, असा याचा अर्थ कोणी करूं नये. मार्गदर्शकानें वाटा दाखवाव्या. पाऊल मुलानेंच टाकावें. बापाचा धंदा तोच मुलाचा, ही जुनी बेडी तोडावयाची आणि तिच्या जागीं चाचणीच्या गुणांची नवी बेडी घालावयाची, हें सुधारणेचें लक्षण नव्हे.

चौथी सूचना आमच्या वाचकांसच आहे. गांवांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, बँकेचे अधिकारी, छापखान्याचे मालक, गॅरेजवाले, औषधविक्रेते, कंत्राटदार आहेत. यांनीं वर्षांतले चार शनिवार शाळेस द्यावे; आपला धंदा कसा चालतो, त्यांत कमाई किती, खस्ता किती, शिरावयाचें कसें, हें मुलांस खरें खरें सांगावें. ज्यांस बोलतां येत नाहीं त्यांनीं सुटीत दोन मुलांस आपल्या दुकानांत किंवा कारखान्यांत पंधरा दिवस बसूं द्यावें. शंभर व्याख्यानांनीं जें कळत नाहीं तें तेवढ्यांत कळतें. वकीलमंडळींनीं दाखल्यांच्या कामासाठीं आठवड्यास एक तास विनामूल्य द्यावा. आमच्या व्यवसायास तें शोभेल. आणि व्यापारी मंडळांनीं अर्जाचें व परीक्षेचें शुल्क ज्यांस झेपत नाहीं अशांसाठीं एक लहानसा निधि उभारावा. गणपतीच्या वर्गणींतला दहावा हिस्सा काढला तरी पुष्कळ गांवांत तो पुरेल, आणि विद्येची देवता त्यामुळें रुष्ट होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

यास कोणी दानधर्म म्हणेल. आमच्या मतें ही राष्ट्राच्या भांडवलाची राखण आहे. ज्या मुलीच्या हातून उद्यां एखाद्या तालुक्याचें रुग्णालय चालावयाचें ती आज दाखल्याअभावीं घरीं बसली, तर तोटा तिच्या एकटीचा नाहीं, त्या तालुक्याचा आहे. ज्याच्या हातांत यंत्राची जाण आहे तो न समजणाऱ्या पुस्तकांवर तीन वर्षें घालवून शेवटीं कारकुनीच्या रांगेंत उभा राहिला, तर एक कसबी माणूस आपण गमावला. सरकार आपल्या गतीनें येईल तेव्हां येईल. त्याच्या मागें लागणें आम्ही सोडणार नाहीं. परंतु आपल्या गल्लींतल्या शाळेंत जाऊन मुख्याध्यापकांस 'आम्ही काय करूं ?' एवढें विचारण्यास कोणत्याहि ठरावाची जरूर नाहीं. पुढल्या निकालास अद्याप अवकाश आहे. विचारावयाचें तें आतांच विचारावें.