करीम अब्दुल-जब्बार यांची किंमत विचारणाऱ्यांना

निवृत्त खेळाडूंची संपत्ती मोजण्याचा धंदा सध्या इंटरनेटवर जोरात आहे. खेळाडूचं नाव लिहा, लगेच 'नेट वर्थ' समोर हजर. बंगला केवढा, गाड्या किती, घड्याळ कोणतं आणि शेवटी एक गोल आकडा. हा आकडा कुणी काढला, कोणत्या कागदावरून काढला, याचा पत्ता नसतो. तरीही लोक तो मोठ्या श्रद्धेने वाचतात आणि पुढे पाठवतात. यशाचे धडे देणाऱ्या वक्त्यांचं तर अर्धं दुकान अशा आकड्यांवर चालतं. मायकल जॉर्डन म्हणजे पैसा वाढवणारा शहाणा आणि करीम अब्दुल-जब्बार म्हणजे पैसा सांभाळता न आलेला भोळा, अशी तुलना मी ऐकली आहे. पुरावा काय, तर त्यांनी आपल्या विजेतेपदाच्या अंगठ्या विकल्या!

अंगठ्या विकल्या हे खरं आहे. 2019 मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातल्या दोनशेहून जास्त वस्तू लिलावात काढल्या. त्यात 1980, 1985, 1987 आणि 1988 या चार विजेतेपदांच्या अंगठ्या होत्या. लिलावातून जवळपास 30 लाख डॉलर आले. त्यातला मोठा हिस्सा गेला त्यांच्या स्कायहूक फाउंडेशनला. ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांना विज्ञान आणि गणिताची गोडी लागावी म्हणून काम करते. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांतली मुलं तिच्या शिबिरासाठी शहराबाहेरच्या जंगलात राहायला जातात आणि तिथे निसर्गातूनच विज्ञान शिकतात. ट्रॉफी खोलीत ठेवायची की मुलांना आयुष्य बदलण्याची संधी द्यायची, यातून निवड करणं सोपं होतं, असं त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. आता सांगा, यात 'विकाव्या लागल्या' कुठे आलं?

नेट वर्थच्या हिशेबात मात्र अंगठी तिजोरीत असती तर ती संपत्ती ठरली असती. ती मुलांच्या शिक्षणात गेली, म्हणून वजाबाकी झाली. माझं भांडण या हिशेबाशी आहे.

आपल्याकडे क्रिकेटपुढे बास्केटबॉलला कोण विचारतं! म्हणून हा माणूस कोण ते थोडक्यात सांगते. 16 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्म. मूळ नाव फर्डिनंड लुईस अल्सिंडर, लोकांसाठी लू अल्सिंडर. वडील जुलियार्डसारख्या नावाजलेल्या विद्यालयात संगीत शिकलेले. पण काळ्या वादकाला त्या विद्येवर घर चालवता येत नव्हतं, म्हणून शहराच्या वाहतूक पोलिसात नोकरी करणारे. मुलगा वाढला सात फूट दोन इंच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्याने 1967 ते 1969 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पुढे एनबीएमध्ये 20 हंगाम, 1,560 सामने, सहा विजेतेपदं, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि 38,387 गुण. सर्वाधिक गुणांचा विक्रम 1984 पासून त्यांच्या नावावर होता. तो मोडायला लेब्रॉन जेम्सला फेब्रुवारी 2023 उजाडला. निवृत्त झाले तेव्हा वय होतं 42.

आता पैशांकडे येऊ. 1969 मध्ये विद्यापीठातून बाहेर पडलेल्या या तरुणामागे दोन व्यावसायिक लीग लागल्या होत्या. त्याने दोन्हीकडे एकच अट कळवली: प्रत्येकाने एकदाच, आपला सर्वात चांगला देकार द्यावा. मिल्वॉकी बक्सचा सुमारे 14 लाख डॉलरचा देकार सरस ठरला आणि त्याने तो स्वीकारला. त्यानंतर दुसऱ्या लीगवाल्यांना जाग आली. ते आणखी मोठी रक्कम घेऊन परत आले आणि तीही त्याच्या जन्मगावाच्या, न्यूयॉर्कच्या संघासाठी. बावीस वर्षांच्या त्या पोराने नकार दिला. अशी बोली चढवत नेली की त्यात सामील झालेला प्रत्येक जण खाली येतो, असं त्याचं म्हणणं होतं. शब्द दिला तो दिला. नाकारलेल्या या पैशांना नेट वर्थमध्ये कोणता रकाना आहे?

त्याआधीचे नकारही बघा. मुहम्मद अलींनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, तेव्हा जून 1967 मध्ये क्लीव्हलंडला काही नामवंत काळे खेळाडू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यात वीस वर्षांचा अल्सिंडर होता. तो अजून कॉलेजचा विद्यार्थी होता, पुढची सगळी कमाई व्हायची होती. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात जायचंही त्याने टाळलं. जो देश आपल्या माणसांना बरोबरीने वागवत नाही त्याच्यासाठी पदक आणायला मन होत नाही, ही त्याची भूमिका. त्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करत होता. देशद्रोही म्हणणारी पत्रं आली ती वेगळीच. जाहिरातदारांना असा खेळाडू नको असतो. 1971 मध्ये पहिलं विजेतेपद जिंकल्यावर लगेच त्यांनी करीम अब्दुल-जब्बार हे नाव जगजाहीर केलं. ज्या नावाला बाजारात भाव होता तेच नाव त्यांनी टाकलं. ब्रँड सांभाळायला शिकवणाऱ्या आजच्या गुरूंना हा वेडेपणा वाटेल.

नेट वर्थवाले आणखी एक गोष्ट लपवतात. खेळाडूची कमाई त्याच्या गुणांइतकीच त्याच्या काळावर आणि कायद्यावर ठरते. करीम एनबीएत आले तेव्हा करार संपला तरी खेळाडू मनाने दुसऱ्या संघात जाऊ शकत नसे. मालक ठेवील तिथे राहायचं, देईल ते घ्यायचं. याविरुद्ध 1970 मध्ये खेळाडूंची संघटना कोर्टात गेली. संघटनेचे अध्यक्ष होते ऑस्कर रॉबर्टसन, बक्समधले करीम यांचे सहकारी. 1976 मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला संघ निवडण्याचं दार उघडलं. पुढे टीव्हीचा पैसा आला. स्टीफन करीला 2024-25 च्या एका हंगामाचे साडेपाच कोटी डॉलरहून जास्त मिळाले, त्या पगाराखाली रॉबर्टसन आणि त्यांच्या साथीदारांच्या खटल्याचा पाया आहे. पाया घालणाऱ्यांची संपत्ती इमारतीत राहणाऱ्यांपेक्षा कमी दिसते, म्हणून त्यांना कमी यशस्वी म्हणायचं का?

जॉर्डनबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा खेळ अफाट होता आणि 2020 मध्ये वांशिक समानतेच्या कामासाठी त्यांनी व त्यांच्या ब्रँडने दहा वर्षांत 10 कोटी डॉलर द्यायचं जाहीर केलं, हेही नोंदवायला हवं. पण त्यांची गोष्ट मुलांना सांगताना हिशेब पूर्ण सांगा. पंधरा हंगामांचा त्यांचा एकूण पगार साधारण 9.4 कोटी डॉलर, त्यातला सहा कोटींहून जास्त शेवटच्या दोन शिकागो हंगामांतला. अब्जाधीश ते झाले बुटांच्या ब्रँडमुळे आणि शार्लटचा संघ विकत घेतल्यामुळे. म्हणजे ज्या आकड्याला आपण खेळातलं यश म्हणतो, तो बहुतेक मालकीचा आकडा आहे. मेहनत करा म्हणजे जॉर्डन व्हाल, हे अर्धसत्य आहे. मेहनत करीम यांनीही केली होती.

बुटांवरून हकीम ओलाजुवान आठवतात. नायजेरियात जन्मलेले आणि ह्यूस्टनला दोन विजेतेपदं मिळवून देणारे हे खेळाडू. नामवंत कंपन्यांचे महागडे बूट गरीब आईने पोरांना कुठून घेऊन द्यायचे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि 1990 च्या दशकात सुमारे 35 डॉलरच्या बुटाला आपलं नाव दिलं. निवृत्तीनंतर ह्यूस्टनमध्ये जमिनी आणि इमारतींचा व्यवहार केला, तोही व्याजाचं कर्ज न घेता, रोखीने. त्यात त्यांनी उत्तम कमावलंही. म्हणजे तत्त्व पाळणारा माणूस कंगालच होतो असं नाही. पैसा कमवणं हराम आहे असं मी म्हणत नाही. हलाल कमाईला आपल्याकडे इबादतीचा दर्जा आहे. तो कोणत्या अटींवर आला आणि कुठे गेला, हे विचारल्याशिवाय नुसता ढीग मोजू नका, एवढंच माझं म्हणणं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. करीम यांनी पैसा खरोखर गमावला होता. आपला सगळा आर्थिक कारभार त्यांनी एका व्यवस्थापकावर सोपवला, सहीचे अधिकारही त्याला दिले. हॉटेलं, जमिनी, नाना उद्योगांत पैसा अडकला. शेवटी 1986 मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. असा माणूस मुलांपुढे आदर्श कसा ठेवायचा?

मला वाटतं, याच कारणासाठी ठेवायचा. त्यांच्या आयुष्यात असा आंधळा विश्वास दोनदा दिसतो. पहिला होता एका धर्मगुरूवर. तरुण वयात इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी या गुरूच्या हाती इतकं सोपवलं, की लग्न कुणाशी करायचं हेही त्याच्या शब्दावर ठरलं. वॉशिंग्टनमध्ये त्याच्या जमातीसाठी घर घेऊन दिलं. जानेवारी 1973 मध्ये गुरूच्या विरोधकांनी त्या घरात शिरून सात जणांना ठार केलं, त्यात लहान मुलं होती. त्या वर्षी करीम लिबिया आणि सौदी अरेबियाला गेले, अरबी शिकायला. कुरआन स्वतः वाचता आला पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला पुरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. वाचणारा माणूस गुरूच्या मुठीतून सुटला. कराराचे कागद मात्र त्यांनी दुसऱ्याला वाचू दिले आणि तिथे फसले. यापेक्षा मोठा धडा वर्गात दुसरा कोणता देणार?

इथे मला माझ्या कौमशीही थोडं भांडायचं आहे. मुहम्मद अली, करीम, हकीम ही नावं आपण फार अभिमानाने घेतो. हे मुसलमान, एवढं सांगून आपण टाळ्या घेतो आणि गोष्ट तिथेच संपवतो. करीम इतिहासाचे पदवीधर आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? काळ्या अमेरिकनांच्या पराक्रमावर, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या काळ्या रणगाडा पथकावर, हार्लेमच्या सांस्कृतिक चळवळीवर त्यांनी पुस्तकं लिहिली. शेरलॉक होम्सच्या थोरल्या भावावर कादंबरी लिहिली. वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत वर्णद्वेषावर स्तंभ लिहिले आणि धर्माच्या नावावर रक्त सांडणाऱ्या मुसलमानांनाही सुनावलं. 1983 मध्ये त्यांचं घर जळालं तेव्हा जाझ संगीताच्या हजारो रेकॉर्ड खाक झाल्या, आणि चाहत्यांनी आपल्याकडच्या रेकॉर्ड पाठवून तो संग्रह पुन्हा उभा करायला मदत केली. लोक एखाद्याला रेकॉर्ड पाठवतात, कारण तो काय ऐकतो हे त्यांना माहीत असतं. आपल्याला मात्र त्याचं फक्त नाव माहीत आहे. नाव आपलं म्हणायचं आणि पुस्तकं इतरांनी वाचायची, ही आपली जुनी खोड आहे.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. दहावीच्या मुलांपुढे करिअरवर बोलायला पाहुणे येतात, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत 'पॅकेज' हा शब्द येतो. ज्यांच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते त्या मुलांना पगाराचं आकर्षण असणारच आणि त्यात काही चूक नाही. पण एखाद्या माणसाचं मोल त्याच्या पॅकेजवर ठरतं, हे त्यांच्या डोक्यात भरवणं हा अन्याय आहे. कारण मग ती आपल्या रिक्षा चालवणाऱ्या अब्बांचं मोलही त्याच फूटपट्टीने मोजू लागतात.

1998 मध्ये करीम अब्दुल-जब्बार ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची या आदिवासींच्या वस्तीत गेले आणि तिथल्या अल्चेसे हायस्कूलच्या मुलांना एक हंगाम बास्केटबॉल शिकवलं. मानधन घेतलं एक डॉलर. त्या अनुभवावर नंतर पुस्तक लिहिलं. 2016 मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तो देणाऱ्यांनी त्यांचं बँक पासबुक मागितलं नव्हतं. एकेकाळी याच देशाने त्यांना देशद्रोही ठरवलं होतं.

म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि त्या वक्त्यांनाही माझी विनंती आहे. खेळाडूची संपत्ती सांगायचीच असेल तर सांगा, पण सोबत तीन गोष्टी सांगा: त्याने कोणता पैसा नाकारला, त्याच्या पगारासाठी आधी कोण लढलं आणि त्याच्या घरातून बाहेर गेलेला पैसा कुणाच्या घरी पोचला. हे सांगता येत नसेल तर तो आकडाही सांगू नका.