सुट्टी कोणाची, रुपया कोणाचा?

बँकेच्या दाराला कुलूप लागले की रुपयाही त्या दिवशी विश्रांती घेतो, अशी एक भाबडी समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सुट्टीच्या दिवशी बंद असतो तो मुंबईतला चलन बाजार. रुपयाचा भाव मात्र समुद्रापलीकडे ठरतच असतो. दुसऱ्या दिवशी दार उघडते तेव्हा देशातल्या उत्पादकापुढे इतरांनी ठरविलेला भाव वाढून ठेवलेला असतो. सार्वजनिक सुट्टी आणि चलनाचा व्यापार यांचा हा संबंध केवळ बँकवाल्यांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, नेवासे, राहुरीच्या कांदा उत्पादकाच्या घामाशी तो जोडलेला आहे. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने तो नीट समजून घेतला पाहिजे.

सुट्टी ठरविणारा कायदा इंग्रजी अमदानीतला आहे. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठी यांचा कायदा, त्याच्या पंचविसाव्या कलमान्वये शासनाने एखादा दिवस सार्वजनिक सुट्टीचा म्हणून जाहीर केला की त्या दिवशी बँका बंद राहतात. देशाच्या परकीय चलन बाजाराचे मुख्य ठाणे मुंबई. तेव्हा महाराष्ट्र शासनाने या कलमाखाली सुट्टी दिली की साऱ्या भारताचा डॉलर-रुपयाचा बाजार थांबतो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, गुढी पाडवा, १ मेचा महाराष्ट्र दिन हे असेच दिवस. वर्षाच्या आरंभी ठाऊक असलेल्या या सुट्ट्यांबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. व्यापारी त्यांचा हिशेब आधीच धरून चालतात.

प्रश्न येतो तो ऐन वेळी उगवणाऱ्या सुट्टीचा. २२ जानेवारी २०२४ चे उदाहरण ताजे आहे. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त राज्य शासनाने सुट्टी जाहीर केली ती १९ जानेवारीला, शुक्रवारी. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सांगून टाकले की सोमवारी सरकारी रोखे, परकीय चलन आणि नाणेबाजार बंद राहतील व त्या दिवशीची देवघेव मंगळवारी पुरी होईल. चार विधी विद्यार्थ्यांनी या सुट्टीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. २१ जानेवारीस, रविवारी, ती याचिका फेटाळली गेली. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी प्रजासत्ताक दिन होता. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात चलन बाजार चालला अवघे तीन दिवस. कोणाची श्रद्धा काय असावी हा येथे मुद्दाच नाही. ज्याने सोमवारी डॉलर देण्याघेण्याचा करार आधीच केला होता, त्याला पूर्वसूचना किती मिळाली, एवढाच मुद्दा आहे. उत्तर आहे: एका शुक्रवारचा उरलेला वेळ.

पण त्या सोमवारी लंडन बंद नव्हते, न्यूयॉर्कही बंद नव्हते. परदेशात रुपयाचे असे वायदे चालतात की ज्यांत एक रुपयाही हातांतून हातांत जात नाही. ठरलेला दर आणि त्या दिवशीचा दर यांतील फरक डॉलरमध्ये चुकता केला की व्यवहार संपतो. या बाजारावर मुंबईच्या सुट्टीचा अंमल चालत नाही. एप्रिल २०१९ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तर लंडनमधील रुपयाचा व्यापार भारतातील व्यापारापेक्षा मोठा आढळला. त्याच वर्षी या परदेशी बाजाराचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेला उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमावे लागले. शिकागोच्या कामगारांच्या लढ्यातून जन्मलेल्या १ मे रोजी मुंबईचा बाजार कामगार दिन पाळतो आणि त्याच अमेरिकेतील न्यूयॉर्कचा बाजार रुपयाचा भाव करीत बसतो. भांडवलाला राष्ट्र नसते हे वचन जुने झाले. त्याला पंचांगही नसते, हे आता जोडावयास हवे.

यावर सुशिक्षित मध्यमवर्ग विचारील की, घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात गोण्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा डॉलरशी संबंध काय? संबंध सरळ आहे. निर्यातीचा सौदा डॉलरमध्ये होतो, शेतकऱ्याला पैसे रुपयांत मिळतात, आणि या दोहोंमध्ये विनिमय दर, जुन्या भाषेत हुंडणावळ, उभी असते. कांद्याचा सौदा टनाला ४०० डॉलरने झाला असे धरा. बंदच्या काळात डॉलर ५० पैशांनी स्वस्त झाला तर टनामागे २०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे २० रुपये कमी झाले. शंभर क्विंटल माल असलेल्याचे दोन हजार रुपये गेले. प्रत्येक सुट्टीला असे घडते असे नव्हे. पण घडू शकेल या धास्तीनेच निर्यातदार आपल्या खरेदीच्या भावात आधीच काटछाट करून ठेवतो. डॉलर महाग झाला तर वरचा नफा त्याचा. स्वस्त झाला तर काटछाट शेतकऱ्याची. धोका एकाचा आणि विमा दुसऱ्याच्या खिशातून, असा हा न्याय आहे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हुंडणावळीच्या वादात हाच प्रश्न विचारला होता: दर घसरल्याने व्यापाऱ्याला होणारा लाभ नेमका कोणाच्या पदरातून येतो? शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न शिळा झालेला नाही.

बाजारवाद्यांचे यावर ठराविक उत्तर असते: ज्याला धोका नको त्याने वायद्याचे संरक्षण घ्यावे. कोणी घ्यावे? जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कामाच्या वेळेबाहेरही, चोवीस तास, परकीय चलनाचे भाव देण्यास मोकळीक दिली. या मोकळिकीचा उपयोग ज्याच्या दाराशी बँकेचा अधिकारी स्वतः येतो त्या बड्या कंपनीला आहे. तालुक्याच्या गावच्या लहान निर्यातदाराला मुख्य कचेरीने कळविलेला दर मुकाट्याने घ्यावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी तर शाखेचे दारच बंद असते. शेतकरी त्याच्याही मागे उभा. एकाच सुट्टीत एकाला बाजार उघडा आणि दुसऱ्याला बंद, ही विषमता निसर्गाने केलेली नाही. ती नियमांनी केलेली आहे.

राज्यकर्त्यांना मात्र बंद बाजाराची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले ते १८ सप्टेंबर १९४९ ला, रविवारी. त्यापाठोपाठ रुपयाही डॉलरच्या तुलनेत ३०.५ टक्क्यांनी खाली आला. रुपयाचे दुसरे मोठे अवमूल्यन जाहीर झाले तेही रविवारी, ५ जून १९६६ ला. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले तो १५ ऑगस्ट १९७१ हाही रविवारच. सट्टेबाजांना सावध होऊ न देता चलनाचा दर बदलावयाचा तर बाजार बंद असलेला बरा, हे समजण्यासारखे आहे.

परंतु सट्टेबाजांसाठी घडविलेले हे हत्यार कांदा उत्पादकावर चालविले जाते, तेव्हा त्याचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्रात बसते? २९ सप्टेंबर २०१९ ला, रविवारी, कांद्याची निर्यात बंद झाली. १९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी, ४० टक्के निर्यात शुल्क बसले. २८ ऑक्टोबर २०२३ ला, पुन्हा शनिवारी, टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले. किंमत डॉलरमध्ये, हुकूम सुट्टीच्या तोंडावर, आणि सोमवारी बाजारात पडलेल्या भावाशी सामना करावयाचा तो शेतकऱ्याने! पुढे हे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले आणि शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. मधल्या हंगामात ज्याचा कांदा मातीमोल झाला, त्याला ती तारीख काय देणार?

या साऱ्यावर उद्योगपतींच्या संघटना एक सोपा उपाय सुचवितात: सुट्ट्या कमी करा. या सापळ्यात कार्यकर्त्यांनी सापडता कामा नये. पगारी सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नाही. कामगारांनी लढून मिळविलेला तो हक्क आहे. बँकेतील कारकुनाला रविवारी राबविल्याने राहुरीच्या शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळतील, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. सुट्टी माणसांना हवी, जबाबदारीला नको. २९ एप्रिल २०२४ ला जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टी होती. टोकियो बंद असताना एका डॉलरला १६० येनच्याही पलीकडे भाव गेला. त्या सरकारने सुट्टी संपण्याची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी सुमारे ५.९ लाख कोटी येन ओतून आपल्या चलनाला आधार दिला. रखवालदार जागा असेल तर घरातल्यांनी निर्धास्त झोपावे, हीच रीत असते.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. चलन बाजाराच्या सुट्ट्या वर्षारंभी ठराव्यात. संकट किंवा राष्ट्रीय दुखवटा वगळता ऐन वेळच्या घोषणेने तो बंद करू नये. मुंबई बंद आणि परदेश चालू अशा दिवशी रुपयावर पहारा ठेवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर उघडपणे टाकावी. शेतमालाच्या निर्यातीचे हुकूम कामाच्या दिवशी, पुरेशी मुदत देऊन काढावेत आणि आधी झालेले सौदे त्यांतून वगळावेत. विनिमय दराचा धोका एकेकट्या शेतकऱ्यावर न पडता सहकारी विक्री संघांनी तो एकत्रितपणे उचलावा आणि राज्याच्या सहकारी बँकेने त्यांना वायद्याचे संरक्षण मिळवून द्यावे.

हे अशक्य आहे असे निदान या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही शेतकऱ्याने यंत्र आणि भांडवल यांच्या भानगडीत पडू नये, असा उपदेश करणारे होतेच. ऊस पिकविणारा साखरेचा मालक होऊ शकला, तर कांदा पिकविणाऱ्याने आपल्या डॉलरच्या हिशेबापासून दूर का राहावे? तालुक्या-तालुक्यांतील अभ्यासवर्गांत हा हिशेब फळ्यावर मांडला गेला पाहिजे. सुट्टी सर्वांची असेल, तर तिची किंमतही एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?